कांद्याचं बी आणि चौथा अर्ज

दसरा झाला की आमच्या भागात कांद्याचं रोप टाकायची घाई सुरू होते. नारायणगावहून मंचरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाफे दिसू लागतात. भाकरी थापायला घेण्याआधी परात पुसून ठेवावी, तसे ते सपाट, स्वच्छ असतात. बायका उकिडव्या बसून बोटानं रेघा ओढतात आणि त्या रेघांत काळं, कोनदार, कोळशाच्या चुरीसारखं बी सोडतात. वरून मातीचा हात फिरवतात, गोणपाट टाकतात, झारीनं पाणी देतात. दुपारी ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत असतं. त्या उन्हात ओल्या मातीचा वास एसटीच्या खिडकीतून आत येतो, आणि मी खिडकीची जागा सोडून आत सरकते. शेजारच्या बाईला वाटतं, मॅडमना ऊन लागतंय.

मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. हायवेलगतच्या एका साध्या कॉलेजात, जिथं निम्मी मुलं वडाप जीपच्या मागं लटकून यायची आणि टोमॅटोचा तोडा असला की वर्ग रिकामा असायचा. निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. शिकवलेलं बरंचसं विसरले. पण आश्विन आला, वाफे दिसले, की एकच साल समोर येऊन उभं राहतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचं.

त्या सालाची गोष्ट सोपानरावांवाचून सांगता येत नाही. ते आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, अवसरीच्या बाजूच्या एका वस्तीवर राहणारे. अंगानं काटक, बोलणं कमी. काचपट्ट्या धुवाव्यात तर त्यांनीच. धुतलेली पट्टी उजेडाकडे धरून ते एक डोळा मिटून बघत आणि समाधान झालं नाही तर पुन्हा धूत. त्यांच्या वडलांची मेंढरं होती. उन्हाळ्यात कांदेवाल्यांच्या रानात ते मेंढरं बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. एका साली कुणा शेतकऱ्यानं धान्याबरोबर ओंजळभर कांद्याचं बीही दिलं. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं गेली, थोडी जमीन झाली, आणि त्या जमिनीत ते बी राहिलं. फिकट लाल, चपटा, बारीक मानेचा कांदा. चैत्रात काढलेला, कांदाचाळीत ठेवलेला, दिवाळीला हातात घेतला तरी दगडासारखा टणक.

सोपानराव म्हणायचे, "आमच्या म्हाताऱ्यानं दोन गोष्टी ठिवल्या मॅडम. एक हे बी आन दुसरा दमा."

कांद्याच्या बियाचा एक शाप आहे. ते टिकत नाही. ज्वारी, हरभरा घरात दोन-चार वर्षं राहिले तरी उगवतात. कांद्याचं बी एक पावसाळा काढतं, दुसऱ्या पावसाळ्यात निम्मं मरतं, तिसऱ्यात नुसती चुरी उरते. म्हणून ज्यांच्या घरी स्वतःचं बी असतं त्यांना दर वर्षी चांगले कांदे निवडून पुन्हा लावावे लागतात, त्यांना फुलांचे गोंडे येऊ द्यावे लागतात, आणि ते गोंडे फुलत असताना पाऊस किंवा गार पडू नये म्हणून आभाळाकडे बघत राहावं लागतं. एखादं साल बिघडलं की संपलं. सोपानरावांच्या घरी हे काम त्यांची बायको रखमाबाई करायची. कांदा निवडताना ती तो नुसता बघायची नाही. अंगठ्यानं मान दाबायची आणि कानाशी नेऊन हलवायची. काय ऐकायची कोण जाणे.

तिनंच मला एकदा सहज सांगितलं, की तिची सासू हिंगाच्या डब्यात भाजलेला तांदूळ घालून त्यात बी ठेवायची. मी घरी आले आणि बराच वेळ त्यावरच विचार करत बसले. भाजलेला तांदूळ ओल शोषतो. ओल गेली तर बियाचं आयुष्य वाढतं. डबा घट्ट बंद राहिला, तर कांद्याचं बी तीन वर्षं का टिकू नये? आणि टिकलं तर एक गारपीट एखाद्या घराचं बी पुसून टाकू शकणार नाही. इतकी साधी, इतकी उपयोगाची गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हाताशी आली होती. तोवर मी फक्त दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवत होते.

त्या आश्विनात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. नव्यानं संशोधन सुरू करणाऱ्या अध्यापकांना 'सीड मनी' मिळणार होता. मी ते वाचून दाखवलं तर सोपानरावांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, सरकारला बियाची कदर आली. मी समजावलं, की इथं सीड म्हणजे कांद्याचं बी नव्हे. कुठल्याही कामाला सुरुवातीला लागतो तो पैसा. ते म्हणाले, मग आपल्याला तर दोन्हीकडून लागू व्हतंय.

पहिला अर्ज मी हातानं लिहिला आणि नारायणगावच्या एका टायपिंगवाल्याकडून करून घेतला. सात प्रती. प्रत्येक प्रतीवर प्राचार्यांची सही, प्रत्येक सहीखाली शिक्का. तिसऱ्या पानावर काय काय हवं याची यादी होती: ओलावा मोजायचं यंत्र, लहान ओव्हन, डबे हवाबंद करायचं मशीन. हेडक्लार्कनं अर्ज दोनदा परत दिला. एकदा समासासाठी, एकदा मी विद्यापीठाला थेट उद्देशून लिहिलं होतं म्हणून. गेला एकदाचा. त्याचं उत्तर आलंच नाही. होय नाही, नाही नाही, काहीच नाही. कॉलेजच्या टपालात रोज पाहायचं आणि वर्गावर जायचं, असं गुढीपाडव्यापर्यंत चाललं.

दुसऱ्या साली अर्ज परत आला. वर पेन्सिलीनं शेरा होता, की प्राथमिक निष्कर्ष जोडलेले नाहीत. मी तो शेरा स्टाफरूममध्ये उभी राहून वाचला. प्राथमिक निष्कर्ष काढण्यासाठीच तर पैसा मागितला होता. विहिरीला पाणी लागलंय का ते दाखवा, मग कुदळ देऊ, असं ते झालं. तरी मी हट्टाला पेटले. यंत्र नव्हतं, ओव्हन नव्हता. सोपानरावांच्या चुलीवर तांदूळ भाजला, त्या उन्हाळ्याचं ताजं बी घेतलं आणि तीन डबे भरले. एक लहान, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवायला. दोन मोठे, बिस्किटांचे, सोपानरावांच्या घरी. झाकणांच्या कडेनं मेणबत्तीचं मेण ओतलं. तिघं मिळून ते काम करत होतो. रखमाबाई मेण वितळवत होती, सोपानराव डबा फिरवत होते, मी ओतत होते. माझ्या उभ्या नोकरीत मी इतकी सुखी कधी नव्हते.

वर्षानं लहान डबा उघडला. ओल्या टिपकागदावर शंभर बिया मांडल्या. सातव्या दिवशी कागद हिरव्या धाग्यांनी भरून गेला. सोपानराव एकेक धागा मोजत होते आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

हे सगळं लिहून तिसरा अर्ज केला, आणि माघात मुलाखतीला बोलावणं आलं. पुण्याला. सोपानराव रजा टाकून बरोबर आले. लग्नाकार्याचा सदरा, धुवट टोपी, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत दोन काचेच्या बश्या. आठवडाभर आधी मांडलेलं बी त्यांत उगवलेलं. एसटीच्या धक्क्यानं सांडू नये म्हणून त्यांनी ती पिशवी दोन तास हातांच्या ओंजळीत धरून ठेवली होती. मला आत बोलावलं, त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. आत पाचजण होते. मी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आणि मधेच शब्द अडकायला लागले. मधल्या खुर्चीतले गृहस्थ सौम्य होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि मराठीत म्हणाले, "मॅडम, हा तर आजीबाईचा बटवा झाला. यात सायन्स कुठं आहे? शेतावर करून पाहिलंय का?"

नाही, असं मी म्हटलं. बाहेर उगवलेलं बी आणलं आहे, हे सांगायचं होतं, पण पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. बाहेर आले तर सोपानराव उठून उभे. पिशवीची गाठ त्यांनी आधीच सोडून ठेवली होती. मी मान हलवली. त्यांनी ती गाठ पुन्हा बांधली.

त्याच फाल्गुनात गारपीट झाली. संध्याकाळचे चार वाजले असतील. मंचरपासून नारायणगावपर्यंत पाऊण तास गारा पडल्या. सोपानरावांचे फुललेले गोंडे देठातून मोडले. उभं कांद्याचं पीक झोडपलं गेलं. मार खाल्लेला कांदा टिकत नाही. त्यातूनही रखमाबाईनं निवडून चाळीत ठेवलेले कांदे आषाढातच नासले. आदल्या वर्षीचं बी पेरून संपलं होतं, कपाटातल्या लहान डब्यातलं चाचण्यांत. भावकीतल्या ज्या दोन घरांत हे बी होतं, त्यांच्या रानांतही त्याच गारा पडल्या. म्हणजे त्या चपट्या, फिकट लाल कांद्याचं जगात जे काही उरलं होतं, ते दोन बिस्किटांच्या डब्यांत होतं.

मला आता हे लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी मला दुःखाबरोबर एक आनंदही झाला होता. ज्यासाठी हे सगळं करत होते, तो प्रसंग आला होता. भागात बियाचा तुटवडा होता, दुकानांपुढं लोक उभे होते, आणि माझ्या डब्यांत अडीच वर्षांचं जिवंत बी होतं. मी मनातल्या मनात चौथा अर्ज लिहायला लागले होते.

दसऱ्यानंतर सोपानरावांनी वाफे केले. अर्जाची शेवटची तारीख दिवाळीच्या आत होती. मी दिवस मोजले तर पेरल्यापासून उगवेपर्यंतचे दिवस आणि तारीख अगदी जुळत होती. सोपानराव आणि रखमाबाई डबे घेऊन वाफ्यांशी बसले होते. मी कॉलेज सुटल्यावर मुद्दाम गेले होते, गळ्यात उसना कॅमेरा. डब्यांची झाकणं उघडली. बी काळं होतं, कोरडं दिसत होतं. सोपानरावांनी थोडं तळहातावर घेतलं, हुंगलं.

"मॅडम, चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून बघू का? आठ दिसांत कळंल. आमच्याकडं तसंच करत्यात."

मी म्हटलं, "सोपानराव, कपाटातलं उगवलंय ना? तेच बी, तीच पद्धत. आठ दिवस थांबलो तर अर्जाची तारीख जाईल."

त्यांनी रखमाबाईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं.

"टाकू म्हंता?"

"टाका," मी म्हटलं.

त्यांनी सगळं टाकलं. दोन्ही डबे. मूठभरही मागं ठेवलं नाही, कारण मी सांगितलं नाही, आणि ते मी विसरले म्हणून नव्हे. भरलेले वाफे फोटोत चांगले दिसतील असं मला वाटलं होतं.

पुढचे दिवस आठवतात ते पाण्याच्या आवाजानं. मी एक दिवसाआड जायची. सकाळी झारीचं पाणी गोणपाटावर पडायचं, गोणपाट गडद व्हायचं. सातव्या दिवशी गोणपाट काढलं. माती तशीच. सोपानराव म्हणाले, गारठा पडायला लागलाय, उशीर व्हतो कधी कधी. नवव्या दिवशी कडेला दोन-चार हिरवे धागे दिसले आणि आम्ही तिघंही तिथं वाकलो. ते गवत होतं. अकराव्या दिवशी मी पोचले तेव्हा रखमाबाई वाफ्यात उकिडवी बसली होती. तिनं बोटानं माती उकरली, बी काढलं आणि दोन बोटांत दाबलं. ते मऊ पडलं होतं. तिनं बोटं लुगड्याला पुसली.

"मेलंय बाई," ती म्हणाली. "आधीच मेलेलं व्हतं."

मी घरात जाऊन डबे पाहिले. मेणाला केसाएवढी चीर होती. एकाच्या नाही, दोन्हींच्या. ते तीन पावसाळे फडताळात, बाहेरच्या भिंतीला टेकून होते. ती भिंत ओली व्हायची. माझा लहान डबा कॉलेजच्या कोरड्या कपाटात होता. दोन्हींत तेच बी, तीच पद्धत, असं मी म्हणाले होते. अख्खं आयुष्य मी मुलांना शिकवलं, की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका. जुनी खेडवळ माणसं दर वर्षी ओल्या फडक्यात जो प्रयोग करत आली, तो एक प्रयोग मी, विज्ञानाची शिक्षिका, त्यांना करू दिला नाही.

अर्जाला तीन दिवस उरले होते. मी तो अर्ज केला. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. त्यात कपाटातल्या डब्याचा आकडा लिहिला आणि पुढं एक वाक्य लिहिलं, की शेतकऱ्याच्या रानात प्रत्यक्ष चाचणी सुरू आहे. 'झाली' असं लिहिलं असतं तर कशी झाली ते सांगावं लागलं असतं. टपालानं वेळेत पोचणार नव्हतं म्हणून सोपानरावांनीच तो लिफाफा पुण्याला नेऊन दिला. अर्ज इंग्रजीत होता. निघताना त्यांनी विचारलं, या वेळी व्हईल ना मॅडम? मी म्हटलं, बघू.

झालं. होळीच्या सुमारास मंजुरीचं पत्र आलं. प्राचार्यांनी पेढे वाटले, फलकावर माझं नाव लागलं, कुणीतरी हार आणला. पत्रात लिहिलं होतं, की शेतावरील चाचणीमुळे प्रस्तावाला बळ मिळालं आहे. पेढ्यांचा पुडा घेऊन सोपानराव सगळ्या विभागांत फिरले. मला हार-पेढे न घेता घरी जाता आलं असतं, पत्र परत करता आलं असतं. मी केलं नाही. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते परत करायची ताकद माझ्यात नव्हती, आणि एकदा ते घेतल्यावर खरं बोलायचीही उरली नाही.

यंत्रं आली. दुकानातून आणलेल्या बियावर मी सगळे प्रयोग नीट केले. पद्धत चांगली ठरली, अहवाल बांधून विद्यापीठात गेला. तिथल्या कपाटात तो असेल. ओलावा मोजायचं यंत्र ज्या दिवशी खोक्यातून काढलं, तो दिवस मात्र जात नाही. हातात मावेल एवढं होतं. चिमूटभर बी घालायचं, बटण दाबायचं, आकडा उमटायचा. किती आकडा चांगला, असं सोपानरावांनी विचारलं. मी सांगितला. त्यांनी स्वतः बी घातलं, बटण दाबलं, आकडा वाचला. मग यंत्र पुसून खोक्यात ठेवलं.

"एवढंच व्हतं व्हय," ते म्हणाले.

रागानं नाही. काचपट्टी उजेडाकडं धरून बघावी, तसं. नंतर आम्ही बारा वर्षं एकाच प्रयोगशाळेत होतो. ते माझ्यासाठी चहा आणायचे, परीक्षेच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबायचे, मुलीच्या लग्नाला त्यांनी मला आग्रहानं बोलावून पहिल्या पंगतीला बसवलं. पण कांद्याविषयी त्यांनी माझ्यापाशी पुन्हा शब्द काढला नाही.

निराशा म्हणजे मोठं काहीतरी असेल, असं मला तरुणपणी वाटायचं. माणूस कोसळतो, रडतो, सोडून जातो. तसं काही नसतं. माणूस वेळेवर वर्गावर जातो, हजेरी घेतो, फळ्यावर बीजाच्या अंकुरणाची आकृती काढतो आणि नावं देतो. खडूचा हात झटकतो. ती आकृती मी त्यानंतर दर वर्षी काढली.

गेल्या आश्विनात मी त्यांच्या वस्तीवर गेले होते. सोपानराव रानात पाणी धरायला गेले होते; रखमाबाई एकटीच होती, डोळ्यांनी जरा कमी दिसतं म्हणाली, पण माझा आवाज तिनं लगेच ओळखला. ओसरीवर कांद्याच्या बियाची पाकिटं पडली होती, चकचकीत, वर मोठ्या लाल कांद्याचं चित्र. मी विचारलं, घरचं बी धरतच नाही का आता?

"न्हाई बाई," ती स्टोव्हला हवा मारत म्हणाली. "ह्ये बरं पडतं. दुकानातलं न्हाई उगवलं तर जाऊन दुकानदाराला चार शिव्या देता येत्यात. घरचं न्हाई उगवलं तर कुणाला द्यायच्या?"

मी थांबले. वाटलं, आता ती पुढं काहीतरी बोलेल. इतक्या वर्षांनी का होईना, बोलेल. खरं तर मी त्यासाठीच आले होते, हे मला तिथं बसल्यावर कळलं. पण तिनं ते मला लागावं म्हणून म्हटलंच नव्हतं. तिनं चहाची पूड टाकली, दूध ओतलं आणि साखर किती घालू ते विचारलं.

मी म्हटलं, अर्धा चमचा.